फाटक लावणारी बाई

नवरा मला ‘थँक यू’ म्हणायला लागला, तेव्हा मी खरी घाबरले.

जानेवारीत त्याला स्ट्रोक आला. उजवा हात आणि उजवा पाय अर्धवट गेले, बोलणं मात्र शाबूत राहिलं. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. मीही येणाऱ्या प्रत्येक फोनवर तेच सांगत होते. पण हॉस्पिटलातून घरी आलेला माणूस काही माझ्या ओळखीचा वाटेना. चहाचा कप पुढे ठेवला की थँक यू. पाठीमागची उशी सारखी केली की थँक यू. एकदा मी आमटीत मीठच घालायला विसरले, तर त्यानं वाटीभर आमटी निमूट संपवली आणि वर ‘छान झालीय’ म्हणाला.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात शिकलो. तो नागपूरचा, मी पुण्याची. त्यामुळे अहो-जाहो कधी जमलं नाही आणि भांडायला मुहूर्त कधी लागला नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात डिशवॉशरमध्ये ताटं कशी लावायची यावर आमचं एकमत झालेलं नाही. तो ओरडायचा, मी त्याच्या दुप्पट ओरडायची, मग कोणीतरी चहा टाकायचं. जानेवारीनंतर ते सगळं थांबलं. आपल्याच घरात तो पाहुण्यासारखा राहायला लागला, सोफ्याच्या कडेला, कोणाला अडचण होणार नाही असा. पाहुणा म्हणजे कधीतरी निघून जाणारा माणूस. हा विचार मला भाजी चिरतानासुद्धा सोडायचा नाही.

मला माझा भांडकुदळ नवरा परत हवा होता. दुसरं काही नको होतं.

आता त्याच्या एका नादाबद्दल सांगायला हवं. इथे अमेरिकेत, क्युपर्टिनोतले आमच्या वयाचे मराठी पुरुष निवृत्तीनंतर बागकाम करतात, नाटक बसवतात, नातवंडांना शाळेतून आणतात. आमचा हा रानडुकरांच्या शिकारीला जायचा. चिप डिझाइनच्या नोकरीत असताना एका सहकाऱ्यानं त्याला नेलं आणि त्याला ते आवडलं. गिलरॉय या लसूण पिकवणाऱ्या गावाचा वास मागे टाकून आणखी तासभर दक्षिणेला गेलं की एक मोठं रँच लागतं. गुरांची कुरणं, ओकची झाडं आणि एकामागे एक टेकड्या. तो सगळ्याला मिळून ‘डोंगर’ म्हणायचा. रँचचे म्हातारे मालक पैसे घेऊन मोजक्या लोकांना शिकारीची परवानगी द्यायचे. दर ऑक्टोबरमध्ये हा जायचा आणि बहुतेकदा रिकाम्या हातांनी, पण खुशीत परत यायचा. डुक्कर मिळालंच तर परसात वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात काळा रस्सा शिजायचा. मी शाकाहारी. तो वास स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून मी दाराखाली टॉवेल लावून ठेवायची.

पैसे द्यायचे हा प्रकार तर माझ्या डोक्यातच शिरायचा नाही. सरकारी लायसन्स काढायचं ते काढायचंच, त्यावर डुकराची वेगळी परवानगी घ्यायची, आणि एवढं करून जमिनीवर पाऊल टाकायला मालकाला पुन्हा पैसे मोजायचे! डुक्कर कोणाचंच नाही, डोंगर त्याचा, आणि खिसा आपला. यावरूनही आम्ही भरपूर भांडलो होतो.

एप्रिलमध्ये एका दुपारी मी त्याच्या गोळ्या घेऊन गेले, तेव्हा तो खिडकीतून बाहेर बघत होता. म्हणाला, “यंदा डोंगरावर जाणं व्हायचं नाही.” तक्रार म्हणून नाही, उद्या ढगाळ आहे म्हणावं तसं. मग गोळ्या घेतल्या आणि थँक यू म्हणाला.

त्याच संध्याकाळी मी शिकारीच्या कोर्सला नाव घातलं. त्याच्या हाताला बंदूक पेलणार नव्हती, एकट्यानं जाणं शक्य नव्हतं, म्हणजे बंदूक धरणारं दुसरं कोणी लागणार होतं. दूर एडिसनला राहणारा आमचा मुलगा फोनवर म्हणाला, “आई, आर यू सिरियस? यू डोन्ट ईव्हन ईट एग्ज.” मी म्हटलं, मी खाणार नाहीये, मारणार आहे.

अभ्यास म्हटला की मला चेव येतो. बंदूक कशी धरायची, ओढा कसा ओलांडायचा, इथे शिशाची गोळी चालत नाही, तांब्याचीच लागते, हे सगळं मी रंगीत पेनांनी अधोरेखित करून पाठ केलं. परीक्षेत एकही चूक नव्हती. मग गोळीबाराच्या मैदानावर सहा आठवडे खांदा काळानिळा करून घेतला. नवरा मागे खुर्चीवर बसून असायचा. माझी गोळी कागद सोडून मातीत गेली की म्हणायचा, “छान. प्रगती आहे.” त्या क्षणी बंदूक खाली ठेवून त्याला गदागदा हलवावंसं वाटायचं.

रँचवर फोन केला तर कळलं, म्हातारे मालक मागच्या वर्षी गेले. आता सगळं त्यांची मुलगी बघते. पन्नाशीची, उंच, उन्हानं रापलेली बाई. तिनं आम्हाला भेटायला बोलावलं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मी पंजाबी ड्रेसवर नवे कोरे बूट घातले होते.

“शिकार कोण करणार? तुम्ही?”

“मी.”

“याआधी कधी केलीय?”

“नाही. पण परीक्षेत पूर्ण मार्क मिळालेत.”

ती हसली नाही. नवऱ्याला मात्र ओळखत होती. वडिलांकडे तो वीस वर्षं येत होता, आणि त्यांना आवडायचा, असं तिनं तुटकपणे सांगितलं. मग नियमांचा कागद पुढे केला. गाडी रस्ता सोडून न्यायची नाही, विस्तव पेटवायचा नाही, गुरांच्या जवळ जायचं नाही, फाटक जसं दिसेल तसंच ठेवायचं, असे बरेच नियम होते. मी आयुष्यभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतला. त्यामुळे सहानंतर एकदम आठवा नियम आलाय हे मी तिला तिथल्या तिथे दाखवून दिलं. तिनं पेन घेऊन आठाचा सात केला आणि माझा चेक ठेवून घेतला. एकदा येऊन जागा पाहून जा, मग ऑक्टोबरचे दोन दिवस देईन, म्हणाली.

घरी आल्यावर नवऱ्यानं गराजमधून त्याचे बूट मागितले. डाव्या हातानं, मांडीवर जुनं फडकं टाकून, तो तासभर त्यांना तेल लावत बसला. जानेवारीपासून त्यानं स्वतःहून मागितलेली ती पहिली वस्तू होती. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

जूनमधल्या एका शनिवारी आम्ही जागा बघायला गेलो. गाडी मी चालवत होते, तो वाट दाखवत होता. वाटेत तीन फाटकं लागली. पहिली दोन बंद होती, ती उघडून आत गेल्यावर मी पुन्हा लावली. तिसरं सताड उघडं होतं. वर ओढ्याकाठी डुकरांनी उकरलेली माती त्यानं मला काठीनं दाखवली. डुकरं कुठून येतात, वारा कुठून असतो, कुठे बसायचं, सगळं हळूहळू सांगितलं. आम्ही ओकच्या सावलीत दहीभात खाल्ला. येताना ऊन चढलं होतं आणि तो शेजारच्या सीटवर झोपून गेला.

तिसऱ्या फाटकाशी मी गाडी थांबवली. अजून उघडंच. मी अशा गावात वाढलेय जिथे प्रत्येक फाटकावर ते लावून घ्यायची सूचना असते, आणि ती न पाळणाऱ्याला मालक गॅलरीतून नावानिशी हाक मारतात. उघडं फाटक दिसलं की माझा हात आपोआप कडीकडे जातो. आधी येऊन गेलेल्या कोणीतरी हलगर्जीपणा केलेला दिसतोय, असं मी ठरवून टाकलं. फाटक मागच्या खांबाला साखळीनं बांधलेलं होतं. म्हणजे ते कोणीतरी मुद्दाम उघडं ठेवलंय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी ती साखळी नेटानं सोडवली, फाटक ओढून आणलं, कडी घातली, वर साखळीही गुंडाळली. हात झटकून गाडीत बसले तेव्हा मला फार बरं वाटत होतं.

सोमवारी सकाळी मालकीणबाईंचा फोन आला.

“शनिवारी जाताना तिसरं फाटक तुम्ही लावलंत?”

“हो,” मी म्हटलं. “उघडंच राहिलं होतं. मी नीट लावून घेतलं.” ती आभार मानेल अशी माझी अपेक्षा होती, हे आज लिहितानाही लाज वाटते.

ती एकेक शब्द सुटा करून बोलली. गुरं वरच्या कुरणात होती. पाण्याचं टाकं खाली, फाटकाच्या अलीकडे. म्हणून ते उघडं होतं, म्हणून बांधलं होतं. चाळीसेक गाई आणि त्यांची वासरं त्या उन्हात दिवसभर फाटकाला टेकून पाण्यासाठी हंबरत होती. रविवारी दुपारी त्यांनी कुंपण पाडलं आणि शेजाऱ्याच्या जमिनीतून रस्त्यापर्यंत गेली. एका वासराचा पाय तारेनं कापला गेला. सगळी गुरं गोळा करायला तिला रात्र झाली.

“नियमांचा नंबर चुकलेला तुम्हाला दिसला,” ती म्हणाली. “नियम दिसला नाही. तुमचा चेक परत पाठवतेय. पुन्हा येऊ नका.”

फोन स्पीकरवर होता. नवरा समोर बसून सगळं ऐकत होता.

मी खुर्चीत बसले आणि वाट बघितली. वीस वर्षं त्या फाटकांतून ये-जा केलेला माणूस. एरवी त्यानं मला आठवडाभर सोलून काढलं असतं. मुलाला फोन करून सांगितलं असतं, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत चारचौघांत नक्कल करून दाखवली असती. मला तेच हवं होतं. त्यानं पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, “असू दे. तू माझ्यासाठी एवढं केलंस. थँक यू.”

असं तोंडात मारल्यासारखं मला कधी झालं नव्हतं. परवानगी गेली ती गेलीच, पण तिच्याबरोबर तो आणखी एक पायरी खाली उतरला. बूट त्यानं स्वतःच गराजच्या दाराशी नेऊन ठेवले, अधू पायानं, न सांगता.

मंगळवारी मी एकटीच रँचवर गेले. निघताना सवयीनं बेसनाच्या लाडवांचा डबा घेतला होता. तो गाडीतून बाहेर काढायची हिंमत झाली नाही. मालकीणबाई पाडलेल्या कुंपणाशी होती, हातमोजे घालून तार ताणत होती. मला बघून तिनं काम थांबवलं नाही.

“मी माफी मागायला आले.”

“फोनवर मागायची.”

“फोन तुम्ही ठेवून दिला असता.”

“हो,” ती म्हणाली.

मग मी तारेचं दुसरं टोक धरलं. तिनं नको म्हटलं नाही. बराच वेळ आम्ही खांबामागून खांब करत गेलो. ते वासरू सावलीत उभं होतं, पायाला पट्टी होती. त्याच्याकडे बघणं मला जमेना आणि न बघणंही जमेना. शेवटी मी तिला खरं ते सांगितलं. पैसे दुप्पट देते वगैरे म्हणायचं ठरवून गेले होते, पण तोंडातून भलतंच आलं. मी म्हटलं, माझा नवरा माझ्याशी भांडत नाही.

तिनं पक्कड खाली केली. “माझा भांडायचा,” ती म्हणाली. “म्हणून मी त्याला सोडलं.”

“आमचं तसं नाही. आमचं भांडण म्हणजे...” मी तारेचं टोक दुसऱ्या हातात घेतलं. “तो भांडत नाही म्हणजे तो घरात नाही. तुमच्या डोंगरावर यायचं म्हणून त्यानं बूट मागितले होते. त्यानं काहीतरी मागितलं होतं.”

ती बरंच काही बोलेल असं वाटलं, पण ती तारेकडे वळली. दोन खांब झाल्यावर म्हणाली, “शनिवारी पाणी बघणारा माझा माणूस दुसरीकडे गेला. सात टाकी आहेत. दर शनिवारी फेरी मारायची, पाणी आहे की नाही बघायचं, मला कळवायचं. कशाला हात लावायचा नाही.”

“आणि फाटकं?”

“बंद दिसलं तर आत गेल्यावर बंद करायचं. उघडं दिसलं तर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.”

“आणि परवानगीचं?”

“परवानगीबद्दल मी काही बोलले नाही.”

जीव भांड्यात पडला म्हणावं तर तसंही नव्हतं. पण नाही असंही ती म्हणाली नव्हती. परतताना मी गिलरॉयच्या पुढे गाडी थांबवून तीन लाडू एकटीनं खाल्ले.

तो उन्हाळा आम्ही सात टाक्यांभोवती काढला. पहाटे निघायचं, नवऱ्याला शेजारी बसवायचं, मागे थर्मास, पोळीभाजी आणि त्याची घडीची खुर्ची. जुलैपर्यंत टेकड्यांवरचं गवत पिवळं पडलं. टाकी म्हणजे लांबट लोखंडी हौद, वरून पाइपानं पाणी येतं, आत फ्लोट असतो, तो वर आला की पाणी थांबतं. पाणी प्यायला आलेले पक्षी आत पडून बुडतात, म्हणून प्रत्येक टाक्यात चढून येण्यासाठी एक तिरकी फळी ठेवलेली असते. फळी घसरली असेल तर मी मालकीणबाईंना फोन करून विचारायची, हात लावू का? तिसऱ्या शनिवारी ती वैतागून म्हणाली, फळीला विचारायची गरज नाही. तेवढी बढती मला मिळाली.

वाटेतली फाटकं मी ओठ घट्ट मिटून ओलांडायची. उघड्या फाटकातून तसंच पुढे जाताना माझ्या पाठीत काहीतरी ताणलं जायचं. नवऱ्याला ते कळत असणार. पूर्वी त्यानं टोमणा मारला असता. आता तो समोर बघत राहायचा.

तरी काहीतरी हलत होतं. आधी तो गाडीतच बसायचा. मग खुर्ची बाहेर काढायला सांगू लागला. मग काठी घेऊन टाक्यापर्यंत यायला लागला. फिजिओथेरपीच्या गुळगुळीत फरशीवर त्याचा पाय फरफटायचा, इथल्या ढेकळांत तो उचलावाच लागायचा. ऑगस्टमध्ये सहाव्या टाक्यात पाणी फार हळू येऊ लागलं. मालकीणबाईंना वाटलं पंप गेला. नवरा अर्धा तास टाक्याजवळ बसून पाण्याची धार बघत होता. मग म्हणाला, “तुला जमलं तर तिला सांगशील का, पंप ठीक असावा. वरच्या वळणावर पाइप चोंदला असेल.” तसंच निघालं. त्या दिवशी ती पहिल्यांदा त्याच्या खुर्चीशी येऊन बसली. तिच्या वडिलांनी एकदा डुक्कर समजून स्वतःच्याच काळ्या वासरावर नेम धरला होता आणि ह्यानं त्यांचा हात धरून खाली केला होता, ही गोष्ट तिनं सांगितली. मला ती वीस वर्षांत कळली नव्हती. नवरा हसला. मला फार आनंद झाला. मग त्यानं चहासाठी माझे आभार मानले, आणि आनंद तिथेच थांबला.

मी थकत चालले होते, हेही सांगते. माणसाची तब्येत सुधारत असताना त्याच्यावर चिडायची चोरी असते. मंडळातल्या मुली म्हणायच्या, काकू, काका किती स्वीट झालेत! मी हो म्हणायची आणि घरी येऊन डिशवॉशरमध्ये सगळी ताटं मुद्दाम उलटी लावायची. तो काही न बोलता भांडी काढून ठेवायचा.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मालकीणबाई पहिल्याच फाटकाशी उभी होती. मला वाटलं, पुन्हा काहीतरी लावून बसले. तिनं खिडकीतून एक कागद आत दिला. परवानगीचा. ऑक्टोबरचे दोन दिवस, दोघांची नावं, खाली तिची सही.

“पैसे नेहमीचेच,” ती म्हणाली.

मी लगेच चेक लिहिला. उन्हाळाभर पाणी बघितलं म्हणून फुकट मिळावं असं मला अजिबात वाटलं नाही. मेहेरबानी कधीही काढून घेता येते. पैसे देऊन घेतलेल्या परवानगीवर आपला हक्क असतो. नवऱ्याशी इतकी वर्षं यावरून भांडले होते, आणि आता त्याला सांगायला गेले की तुझंच बरोबर होतं, तर तो म्हणाला, “तुझंही बरोबरच होतं.” मी हात टेकले.

ऑक्टोबरमधल्या त्या सकाळी उजाडायच्या आत आम्ही ओढ्याच्या वरच्या उतारावर बसलो होतो. तो खुर्चीत, मी जमिनीवर, बंदूक पडलेल्या ओंडक्यावर टेकवलेली. गार होतं. टेकडीमागून उजेड यायला लागला तशी खालच्या झुडपांत खसफस झाली आणि पाच डुकरं बाहेर आली. काळी, उंच खांद्यांची, चित्रातल्यापेक्षा पुष्कळ मोठी.

“पिल्लांवाली नको,” तो कानाशी पुटपुटला. “डावीकडचा. घाई नाही. तुला जमेल तेव्हा.”

मी श्वास सोडला आणि चाप ओढला. डुक्कर चार पावलं पळालं आणि आडवं झालं. बाकीची कुठे गेली मला दिसलं नाही. जन्मात मी झुरळापलीकडे काही मारलं नव्हतं. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि ते मी लपवलं नाही.

“शाब्बास,” तो म्हणाला. “थँक यू.”

झालं. एवढं करूनही थँक यूच. मी बंदूक रिकामी करून ठेवली आणि सुरी घेऊन उतार उतरायला लागले, कारण मांस नासू द्यायचं नसेल तर ते लगेच साफ करावं लागतं, हे पुस्तकात होतं. तो काठी टेकत मागून आला. मी गुडघ्यांवर बसले, नाकानं श्वास घेणं बंद केलं आणि पोटावर सुरी टेकवली. डोळे थोडे मिटलेले असणार.

“अगं ए! काय करून राहिली तू?”

मी दचकले. सुरी हवेतच राहिली.

“आतडं फोडते काय? डोळे उघड ना! पातं वर कर, वर! दोन बोटं आत घाल आधी, चामडी उचल. अशी नाही बे! पस्तीस वर्षं झाली भाजी चिरून राहिली, अन् सुरी धरायची अक्कल नाही? सगळं मांस नासवशील! हो तिकडे, सरक!”

तो धपकन खाली बसला. कसा बसला देव जाणे, डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली होती. उजवं कोपर त्यानं डुकराच्या मांडीवर रोवलं, डाव्या हातानं माझ्याकडची सुरी हिसकावून घेतली आणि कापायला लागला. हळू आणि वेडंवाकडं, तोंडाचा पट्टा अखंड चालू ठेवून. पाय धर म्हणाला, मी धरला. असा नाही म्हणाला, मी तसा धरला. मग फाटकाचा विषय निघाला. साखळीनं बांधलेलं फाटक सोडवून लावणारी बाई त्यानं फक्त आपल्याच घरात पाहिली, म्हणाला. जूनपासून साठवून ठेवलं होतं सगळं. मला उलटून बोलायचं होतं, माझ्याकडे उत्तरं तयार होती. पण डुकराचा पाय घट्ट धरून मी हुंदके देत होते.

तेवढ्यात मालकीणबाई चारचाकी बाइकवरून खाली आली. गोळीचा आवाज ऐकून बघायला आली होती. माझं तोंड बघून ती उडी मारूनच उतरली.

“काय झालं? त्यांना पुन्हा काही झालं का?”

मी मान हलवली. नाही.

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुरी उगारून तो मला काहीतरी सांगत होता, नागपुरीत, मोठ्यानं, चेहरा लालबुंद करून. ती गोंधळून त्याच्याकडे आणि माझ्याकडे बघत राहिली.

“काय म्हणतायत ते?”

मी बाहीला डोळे पुसले. “म्हणतोय की माझ्याएवढी मूर्ख बाई त्यानं आयुष्यात पाहिली नाही,” मी म्हटलं, आणि पुन्हा रडायला लागले.